इशारा : ऐच्छिक

लेवार्डनमध्ये सायकलदुरुस्तीच्या दुकानावर आमची खोली.
खालून रबराचा, ग्रीसचा वास येतो.
वर मी, हिल्त्ये पोस्टमा, आणि दाउवेचा राखाडी कॉम्प्युटर.
तो टेर्सखेलिंग बेटावर मेंढ्या पाळायला गेला
तेव्हा मागे ठेवून गेला हा कॉम्प्युटर
आणि सातशे ओळींचं एक मॉड्यूल,
ज्यात एकही कॉमेंट नाही.

म्हणजे, एक आहे. ओळ चारशे बारा :
“इथे सांभाळून.”

काम सोपं आहे, साहेब म्हणाले.
मॉड्यूल काय करतं ते लिही, शुक्रवारपर्यंत.

काय करतं?
यंत्राच्या पोटात जाऊन विचारतं,
या माणसाचा पत्ता कोणता, पत्राखाली सही काय,
ब्राउझर उघडला की पहिलं पान कुठलं,
उतरवलेल्या फायली कुठे जाऊन पडतात,
मध्ये प्रॉक्सी आहे की सरळ वाट.
माणसानं एकदा सांगावं, एका जागी सांगावं,
मग दर प्रोग्रामनं नव्यानं विचारून
त्याला भंडावू नये, एवढंच.

मी लिहिते : “सेटिंग वाचते. नसल्यास एरर देते.”
लिहायचं होतं,
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.
पण असल्या पुस्तिकेत आडाला जागा नसते.

मग एकेक फंक्शन चालवून बघते,
आणि पडद्यावर दाउवे येतो.
सही : “दाउवे. उत्तराला उशीर होईल.”
फायली पडायची जागा : “नंतर” नावाचा फोल्डर,
आत अकराशे फायली, त्यातल्या कितीतरी
कुंपणाच्या, गोठ्याच्या, लोकरीच्या भावाच्या.
पहिलं पान : हार्लिंगन बंदराचं
भरती-ओहोटीचं वेळापत्रक.

सहा वर्षं तो माझ्यासमोर बसला.
सकाळी आला की कॉफी, एकच बिस्किट,
आणि पडद्याकडे ते बघणं.
मला वाटायचं, रात्रीच्या बिल्डचं काय झालं ते बघतोय.
सेटिंग शेवटचं बदललं ती तारीख मॉड्यूल देतं.
चार वर्षांपूर्वीची.

बुधवारी अडले.
पत्ता उघडणाऱ्या फंक्शनला आणखी एक आर्ग्युमेंट आहे,
नाव : इशारा.
कशाचा, कुणाला, कुठेच लिहिलेलं नाही.
फोन लावला. पलीकडे वारा, मग मेंढी, मग तो.
“कुठला इशारा?”
बराच वेळ नुसता वारा.
“हां. पत्ता अर्धवट असला ना,
कुणी नुसतंच नाव टाकलं, मागचं-पुढचं काही नाही,
तर कुठल्या वाटेनं जायचं, ते त्यात सांगायचं.”
“आणि रिकामं ठेवलं तर?”
“तर ते आपल्या मनानं अंदाज बांधतं.
बहुतेक चुकतो.”
फाटक करकरलं. “ए, तिकडे नको,” तो म्हणाला,
मला नव्हे, आणि फोन बंद झाला.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात.
माझ्यासमोर सहा वर्षं पान उघडं होतं.

चारशे बाराबद्दल विचारायचं राहूनच गेलं.
ती ओळ मी आहे तशी ठेवली.

गुरुवारी उदाहरणं साफ केली.
खरा ईमेल काढला, खोटा घातला.
सही काढली. “नंतर” काढून “डाउनलोड” केलं.
तक्त्यात भरलं :
इशारा : ऐच्छिक. पत्ता अपुरा असल्यास द्यावा.
“द्यावा”च्या जागी “द्यावाच” लिहिलं, मग खोडलं.

शुक्रवारी साहेबांनी सगळं चाळलं, एका जागी थांबले.
“उदाहरणात हे भरती-ओहोटीचं पान कशाला?”
“कधी बंद पडत नाही ते,” म्हटलं.
त्यांनी मान हलवली, छापायला पाठवलं.

जिना उतरताना दुकानातला पोरगा
ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.
आज ओहोटी सहा एकेचाळीसला.